दोन माणसं, सोळा जनावरं: अधू प्राण्यांचा निवारा चालवताना या चुका टाळा

रात्री अकराला फोन येतो. "ताई, कुत्रं आहे, मागचे पाय गेलेत, कुणी घेत नाही. तुमच्याकडे जागा आहे ना?" जागा असतेच. पुण्याबाहेर पंधरा गुंठ्यांत जागेला काय तोटा! पहिली दोन वर्षं मी या प्रश्नाला "हो, आणा" म्हणत गेले. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका त्या "हो, आणा"मधून निघालेल्या आहेत.

जागा मोजली, हात मोजलेच नाहीत

हिशेब करून बघा. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याची लघवी दिवसातून चार वेळा हाताने दाबून काढावी लागते. काढणं, पुसणं, अंथरूण बदलणं मिळून दहा मिनिटं जातात. अशी सहा कुत्री म्हणजे रोजचे चार तास, आणि अजून कुणाच्या पोटात घास गेलेला नाही. आमच्याकडे सहा पांगळी, तीन आंधळी, दोन फिट येणारी आणि एक तीन पायांचं अशी कुत्री, मूत्रपिंड गेलेली तीन मांजरं आणि एक म्हातारा बैल आहे. माणसं दोनच. आता मी एकच प्रश्न विचारते: दोघांपैकी एक तापाने झोपला तर उरलेल्याला रात्रीची फेरी जमेल का? जमणार नसेल तर सतरावं घेत नाही. फोनवर शिव्या खाते.

"याला कुणी घेणार नाही" हा शिक्काही घाईने मारू नका. तीन पायांचं कुत्रं घरात मजेत राहतं. आंधळं कुत्रंसुद्धा राहतं, फक्त खाट आणि पाण्याचं भांडं रोज इकडचं तिकडे करायचं नाही. अशांसाठी घर शोधत राहिलात तर ज्याला खरंच दुसरा आसरा नाही त्याला जागा होते.

"लघवी गळतेय, म्हणजे होतेय"

ही चूक मी केली आहे, आणि नव्याने काम सुरू करणारे बहुतेक जण करतात. मणका दुखावलेल्या कुत्र्याचं मूत्राशय भरून वाहायला लागतं. थेंब थेंब गळतं, अंथरूण ओलं होतं आणि आपण निर्धास्त होतो. आत मात्र जुनी लघवी साचून राहते, संसर्ग होतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत चढतो. लघवी गढूळ दिसली, उग्र वास आला किंवा रक्त दिसलं तर तपासणीला पाठवा. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक देऊ नका. दाबायची पद्धत डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने शिकून घ्या. मागच्या पायांच्या जरा पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंनी, सलग आणि बेताचा दाब द्यायचा. हिसका नाही. व्हिडिओ बघून हे जमत नाही, कारण भरलेलं मूत्राशय हाताला कसं लागतं ते हातालाच कळावं लागतं.

ओलं राहिलं की कातडी सोलवटते. मागचे केस बारीक कापा, धुवा, पूर्ण कोरडं करा, मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. टाल्कम पावडर ओल्यात गोळे धरून उलट घासते. लहान बाळांच्या लंगोटीच्या पुरळावरचं मलमही नको. त्यात बहुधा झिंक ऑक्साइड असतं, कुत्रं ते चाटतं आणि झिंक पोटात जाणं त्याला विषारी ठरतं. ज्याला कूस बदलता येत नाही त्याला दर दोन-चार तासांनी तुम्हीच वळवा. सिमेंटवर नुसतं गोणपाट टाकून भागत नाही. कमरेच्या हाडावर कातडी आधी लाल होते, नंतर फाटते. लाल असतानाच दिसली पाहिजे, म्हणून रोज हात फिरवायचा.

पांगळ्या कुत्र्यासाठी चाकांची गाडी आली की सगळ्यांना आनंद होतो, फोटो निघतात. पण गाडीत बांधलेल्या कुत्र्याला आडवं होता येत नाही, हे फोटोत दिसत नाही. पहिले काही दिवस दहा-पंधरा मिनिटं पुरे, आणि माणूस समोर नसताना गाडीत ठेवायचं नाही.

आल्या आल्या सगळ्यांत सोडणं

नवीन जनावर किमान दोन आठवडे वेगळं ठेवा. वेगळं म्हणजे वेगळी भांडी, वेगळा झाडू, वेगळ्या चपला. कामाचा क्रमही ठरलेला हवा: आधी धडधाकट, मग म्हातारे, सगळ्यांत शेवटी नवीन आलेला. पार्वो या जीवघेण्या विषाणूची लागण झालेल्या एका पिल्लाने आमचं अंगण एक वर्ष बंद ठेवलं. तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. फरशी असेल तर आधी घाण, लघवी पाण्याने धुऊन काढा, मग साधं ब्लीच एकास तीस पाण्यात मिसळून दहा मिनिटं राहू द्या. लघवीवर थेट ब्लीच ओतलं किंवा संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये मिसळलं तर विषारी वाफ होते. कोंदट खोलीत तर जीवावर बेतेल. मातीवर ब्लीचचा फारसा उपयोग नाही. तिथे पिल्लं नेऊ नका, एवढंच आपल्या हातात.

मांजरांच्या खोलीत फिनेल वापरूच नका. मांजर पंजे चाटतं आणि हे तिच्या यकृताला झेपत नाही. आपल्या घरातली तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. प्रेमाने अर्धी गोळी देणारे भेटलेत, म्हणून लिहिते.

तोंडात हात घालणं

हे सगळ्यांत गंभीर. कुत्र्याचा जबडा लटकलाय, लाळ गळतेय, गिळता येत नाही. माणूस म्हणतो, "हाड अडकलंय," आणि हात आत घालतो. रेबीज दर वेळी पिसाळून धावत येत नाही, असा गुपचूपही येतो. मागचे पाय लुळे पडणं हेही त्याचं लक्षण असू शकतं, म्हणजे "गाडीने उडवलं" म्हणून आणलेलं कुत्रं तेच असू शकतं. अंगावर जखम नाही, अपघात कुणी पाहिलेला नाही, पण दिवसागणिक बिघडत चाललंय, असं असेल तर वेगळं बंद करून आधी डॉक्टरांना बोलवा.

निवाऱ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची आगाऊ लस घ्यावी: पहिला दिवस, सातवा, आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा. शनिवारी येणारी कॉलेजची मुलंही त्यात आली. लस घेतलेली असली तरी चावल्यावर साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि दवाखान्यात जायचंच.

फिट येणाऱ्यांबद्दल थोडक्यात. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, जीभ धरायला जाऊ नका. आसपासची वस्तू बाजूला करा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर गाडी काढा. फेनोबार्बिटोन हे फिटचं औषध चालू असेल तर ते एकदम बंद पडता कामा नये, नाहीतर फिट जोरात उलटते. आमच्या गोळ्या एका दिवाळीत संपल्या, दुकानं बंद, बाहेर फटाके. तेव्हापासून पंधरा दिवसांचा साठा कपाटात असतो.

कागद आणि पैसा

मुंबईची पांजरपोळ १८३४ पासून चालू आहे, कारण सुरुवातीपासून तिच्या पाठीशी व्यापाऱ्यांचा नियमित पैसा होता. आपल्या मागे असतो तो एका फोटोवर आलेला एका आठवड्याचा पैसा. पाच हजार एकदा देणाऱ्यापेक्षा महिन्याला दोनशे देणारे पंचवीस जण शोधा. संस्थेची नोंदणी लवकर करा, देणगीवर आयकर सवलत (८०जी) मिळत नसेल तर मोठा देणगीदार दुसऱ्या फोनला येत नाही. बिस्किटांचे पुडे भेट म्हणून येत राहतात, त्यांना नम्रपणे नाही म्हणा आणि जुन्या चादरी मागा. पंख तुटलेली घार किंवा पिंजऱ्यातला पोपट कुणी आणून दिला तर ठेवून घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, दया दाखवली म्हणून सूट मिळत नाही. वनखात्याला कळवा.

शेवट लांबवणं

"आम्ही कुणालाही इंजेक्शन देऊन झोपवत नाही" असं मी अभिमानाने सांगायचे. मग मोत्या आला. चार आठवडे तो खात नव्हता, जखमा भरत नव्हत्या, हात लावला की किंचाळायचा. डॉक्टरांनी दुसऱ्या आठवड्यातच सांगितलं होतं. उरलेले दोन आठवडे माझ्यासाठी होते, त्याच्यासाठी नव्हते. आता प्रत्येक जनावराच्या वहीत रोज तीन गोष्टी लिहितो: खाल्लं का, आपणहून मान वर केली का, दुखतंय का. सलग आठवडाभर उत्तरं वाईट आली की डॉक्टरांना बोलावतो आणि दोघं बसून ठरवतो. एकट्याने ठरवायचं नाही, मीही नाही.

आणि खड्डा आधीच खणून ठेवा. उन्हाळ्यात इथला मुरूम पहारीला दाद देत नाही, पावसात खड्ड्यात पाणी भरतं. इंजेक्शनने गेलेलं शरीर उघड्यावर टाकायचं नाही, ते औषध खाणाऱ्याच्याही पोटात जातं. म्हाताऱ्या बैलाचंही तसंच. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली, म्हणून २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद झालं. बैलाच्या सांध्यांसाठी आमचे डॉक्टर त्याऐवजी मेलोक्सिकॅम देतात. त्याच्यासाठी मोठा खड्डा लागेल, जेसीबीवाल्याला सांगून ठेवलंय.