फिशटँक रंगवताना: काचेबाहेर बिनधास्त, पाण्यात जपून

रंगाने मासे मरतात हे अर्धसत्य आहे. पूर्ण पक्का झालेला रंग बहुधा काही करत नाही. मासे मारतं ते रंगातून हळूहळू सुटणारं थिनर, बुरशी लागू नये म्हणून घातलेलं औषध आणि सोलून पाण्यात पडणारे पापुद्रे. म्हणून पहिला नियम असा, की टँकची मागची काच रंगवायची असेल तर बाहेरून. आतून कधीही नाही, कुठल्याही रंगाने नाही.

मागची काच

काळा किंवा गडद निळा रंग दिला की पाइप, वायरी आणि मागची भिंत दिसेनाशी होते, माशांचे रंग उठून दिसतात. हे काम टँक रिकामा असतानाच करा. तीन बाय दीड बाय दीड फुटांच्या टँकमध्ये 190 लिटरच्या आसपास पाणी मावतं, आणि भरलेला टँक सरकवायचा विचारही करू नका. तो भरलेला असेल तर मागे काळा चार्ट पेपर चिकटवा, काम भागतं.

बाहेरच्या काचेसाठी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक किंवा साधा इमल्शन रंग घ्या. एवढ्या टँकला 200 मिली पुरून उरतो. इथे ऑइल पेंटची गरज नाही. त्याचा वास खोलीत दिवसेंदिवस राहतो आणि पुढे काढताना घाम फुटतो. इमल्शन मात्र कधी कंटाळा आला तर ब्लेडने पट्ट्या-पट्ट्यांत निघतो.

काच आधी साबणाने धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर नेमका तिथेच रंग सुटतो. कडेच्या सिलिकॉनवर आणि शेजारच्या काचांवर मास्किंग टेप लावा. सिलिकॉनवर रंग चढवू नका, कारण पुढे सांधा गळायला लागला तर तो दिसायला हवा.

फोमच्या छोट्या रोलरने पहिला हात अगदी पातळ द्या. तो भयंकर दिसेल, पट्टे पडतील, काच आरपार दिसेल. नवखा माणूस इथेच घाबरतो आणि अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा रोलर फिरवतो. मग खालचा रंगच रोलरला चिकटून वर येतो. पहिला हात उभा दिला असेल तर दुसरा आडवा द्या. दोन हातांमध्ये उन्हाळ्यात दोन-तीन तास पुरतात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात मात्र सहा तास थांबा, हवेतल्या दमटपणामुळे पाणी उडतच नाही. तिसऱ्या हातानंतर काचेमागे टॉर्च धरा. टाचणीएवढी भोकं दिसली तर तेवढ्यावर ब्रश मारा. शेवटचा हात किंचित ओलसर असतानाच टेप तिरकी ओढून काढा. रंग कडक झाला असेल तर आधी कडेने ब्लेड फिरवा, नाहीतर टेपबरोबर रंगाची सालही येईल.

टँक काचेचा नसून ॲक्रिलिकचा असेल तर थिनर असलेला स्प्रे पेंट त्याच्या जवळही आणू नका. ॲक्रिलिकवर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या पुन्हा बुजत नाहीत.

आत ठेवायच्या वस्तू

खरा धोका इथे आहे. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, मातीचे हत्ती, मखरातली छोटी कमान टँकमध्ये टाकायचा मोह मुलांना होतोच. यातल्या बऱ्याच वस्तू प्लास्टर ऑफ पॅरिसच्या असतात. पीओपी ओलं करून आकार दिला की त्याचं जिप्सम होतं, आणि एका लिटर पाण्यात ते दोन ग्रॅमच्या वर विरघळतं. म्हणजे रंगाचं पुढचं पुढे, मावळाच हळूहळू विरघळायला लागतो आणि पाण्याची कठीणता वाढते. त्याला टँकमध्ये जागा नाही, वरून काहीही चोपडलं तरी नाही.

रंगवायला योग्य म्हणजे भाजलेली माती, पीव्हीसी पाइप, कठीण प्लास्टिक. सिमेंटच्या गुहाही होतात, पण ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की किती अल्क आहे ते सांगणारा आकडा, वर जातो. अशी गुहा तीन-चार आठवडे बादलीत भिजवून, रोज पाणी बदलून, पीएच चढायचा थांबल्यावरच पुढच्या कामाला घ्या.

वस्तूला 220 नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा, धुवा आणि पूर्ण वाळवा. रंगासाठी हस्तकलेचा ॲक्रिलिक चालेल. बाहेरच्या भिंतींचा 'अँटी-फंगल' इमल्शन नको, कारण बुरशी मारणारं औषध माशांनाही सोडत नाही. धातूच्या चमकीचे, तांब्या-पितळेच्या भुकटीचे रंगही नकोत. तांब्याच्या किंचित अंशाने गोगलगायी आणि श्रिंप आधी जातात. माळ्यावरचा जुना ऑइल पेंटचा डबा तर उघडूच नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. तुमचा डबा त्याआधीचा असू शकतो.

आता रंगावर एपॉक्सीचं, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रसायनाचं, कवच चढवायचं. रेझिन आणि हार्डनर अशा दोन बाटल्या येतात. डब्यावर 'सॉल्व्हेंट-फ्री' किंवा '100 टक्के सॉलिड' लिहिलंय का ते पाहा. प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणेच घ्यायचं. ते वजनाने दिलंय की मापाने तेही वाचा आणि वजनाने असेल तर काटा वापरा. हार्डनर जास्त घातला तर लवकर सुकेल हा गैरसमज आहे. प्रमाण चुकलं की एपॉक्सी कायमचा चिकट राहतो आणि तो चिकटपणा म्हणजेच पाण्यात सुटायला टपलेलं रसायन. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कपाच्या कडा खरवडत राहा. एका वेळी 50 ग्रॅमच्या वर करू नका, कारण अरुंद कपात मिश्रण स्वतःच तापतं आणि हातातच घट्ट होतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

पहिला थर बोटाला किंचित चिकटत असतानाच दुसरा द्या. रात्र गेली असेल तर पॉलिश पेपर मारून मग द्या. दमट हवेत एपॉक्सीवर मेणासारखा थर येतो, तो कोमट पाण्याने घासून धुवा.

हाताला सुकलेला रंग आतून पक्का झालेला असतोच असं नाही. घाई करणाऱ्यांचे मासे इथेच जातात. एपॉक्सीला किमान सात दिवस द्या, पावसाळ्यात दहा. मग वस्तू क्लोरिन काढलेल्या पाण्याच्या बादलीत आठवडाभर ठेवा आणि रोज पाणी बदला. रोज तीन गोष्टी बघायच्या: पाण्याला वास आहे का, वर तेलकट तवंग आहे का, पांढऱ्या ओल्या फडक्याने दाबून पुसल्यावर रंग लागतो का. टीडीएस मीटरवर विसंबू नका, त्याला विरघळलेले क्षार कळतात, थिनर कळत नाही.

वस्तू आत गेल्यावर पहिले दोन दिवस लक्ष ठेवा. मासे वर येऊन श्वास घेत असतील, पर मिटून बसले असतील किंवा एकदम सैरावैरा पळत असतील तर वस्तू लगेच बाहेर काढा. त्याच तापमानाचं, क्लोरिन काढलेलं पाणी घेऊन निम्मं पाणी बदला, एअरस्टोन पूर्ण सोडा आणि फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका.

टँकमध्ये सकर फिश असेल तर महिन्याला एकदा वस्तू बाहेर काढून नख फिरवून बघा. तो शेवाळ खरवडता खरवडता कवचही खरवडतो, आणि नखाला रंग लागला तर ती वस्तू परत आत जात नाही.