‘वनस्पतींचा आहे, काय होणार?’ : नाजूक त्वचेवर शीट मास्क लावताना या चुका टाळा

शनिवारी रात्री साडेदहाला फोन आला. “ताई, तोंडाची नुसती आग होतेय. मास्क तर सेन्सिटिव्ह स्किनचाच होता, पाकिटावर हिरवं पान पण आहे!” पंधरा वर्षं पार्लर चालवतेय आणि गेली पाच-सहा वर्षं हाच फोन मला वेगवेगळ्या आवाजांत येतोय. माझी स्वतःची त्वचा नाजूक आहे, उन्हातून आले की गाल तासभर लाल राहतात. म्हणून यातलं प्रत्येक वाक्य मी कळकळीनं लिहितेय.

आधी मास्क काय करतो ते समजून घ्या. एका पाकिटात साधारण २० ते २५ मिली द्रव असतो आणि त्यात भिजलेलं कापड. तेवढा द्रव आपण एरवी चेहऱ्याला कधीच लावत नाही. वरून कापडाचं झाकण असल्यामुळे पाणी पटकन उडत नाही, त्वचेचा वरचा थर भिजून फुगतो आणि द्रवात जे काही असेल ते नेहमीपेक्षा जास्त आत जातं. चांगलं जास्त जातं, तसं त्रासदायकही जास्तच जातं. क्रीममधला जो सुगंध तुम्हाला सोसतो, तोच मास्कमध्ये सोसेल असं नाही.

“वनस्पतीजन्य आहे ना, मग झालं!”

या एका वाक्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण ते मीही एकदा म्हटलेलं आहे आणि ते माझ्या मावशीला भोवलं.

मावशी पुण्याची, रोज पहाटे टेकडीवर फिरायला जाणारी. पावसाळा सरत आला की तिच्या पापण्या खाजायच्या, मानेला पुरळ यायचं. “उष्णता असेल गं,” म्हणून ती सब्जाचं पाणी प्यायची आणि आम्हीही मान डोलवायचो. मावसबहिणीच्या साखरपुड्याच्या चार दिवस आधी मी तिला मास्क लावला. कोरियन, मगवर्ट आणि कॅमोमाइलचा, ‘त्वचा शांत करणारा’. त्या रात्री चेहरा छान दिसत होता. दुसऱ्या दिवशीही ठीक होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीचे डोळे उघडत नव्हते. गाल सुजलेले, कपाळावर बारीक पाण्याचे फोड. साखरपुड्याच्या एकाही फोटोत ती समोर बघत नाही.

त्वचेच्या डॉक्टरांनी पुढे पॅच टेस्ट केली. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढून एकदा आणि चौथ्या दिवशी पुन्हा पाहिलं. लाल उठलं ते गाजर गवताच्या जागी. आपण ज्याला काँग्रेस गवतही म्हणतो, तेच. मूळचं अमेरिका खंडातलं हे तण भारतात पसरायला लागलं तेव्हा १९५०च्या दशकात त्याची नोंद पुण्यातच झाली, आयात गव्हाबरोबर बी आलं असं सांगतात. ते वाळलं की त्याचे बारीक कण हवेतून उडतात आणि पापण्या, मान, कोपराचे खळगे अशा जागी त्रास देतात. मावशीची ‘उष्णता’ ती हीच होती.

आता मास्कचा संबंध. गाजर गवत सूर्यफुलाच्या कुळातलं. कॅमोमाइल त्याच कुळातलं, कॅलेंड्युला, अर्निका आणि मगवर्टसुद्धा. मगवर्ट म्हणजे आपल्या दवण्याचा भाऊबंद, चैत्रात जोतिबाला वाहतात त्या दवण्याचा. या कुळातल्या बऱ्याच झाडांत एकाच जातीची रसायनं असतात, त्यामुळे एका झाडाची ॲलर्जी असलेल्याची त्वचा दुसऱ्यालाही ओळखू शकते. तिचा राग लगेच दिसत नाही. दोन-तीन दिवस लागतात, आणि तोवर आपण दोष आदल्या रात्रीच्या जेवणावर टाकून मोकळे झालेलो असतो.

तेव्हापासून नवी ताई खुर्चीत बसली की मी आधी विचारते, “दसऱ्याला झेंडूची तोरणं करताना हाताला खाज येते का? शेवंतीचा गजरा माळल्यावर मानेला काही होतं का? पावसाळ्यानंतर पापण्या खाजतात का?” एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं, तर या कुळातलं काहीही मी तिच्या चेहऱ्याला लावत नाही. त्यात पॅच टेस्टचं शास्त्र नाही, माझी सवय आहे. पण तिनं मला बऱ्याच फजित्यांतून वाचवलंय.

म्हणजे सगळ्या वनस्पती वाईट का? मुळीच नाही. ‘सिका’ म्हणून जे विकलं जातं ते सेंटेला, म्हणजे आपल्याकडे ओलसर जागी पसरणारी कारिवणा, मंडूकपर्णी. काही जण तिलाच ब्राह्मी म्हणतात. ती बहुतेकांना मानवते. हार्टलीफ नावाने येतं ते झाड मेघालयात जामिरदोह म्हणून चटणीत खातात. दोन्ही मी वापरते. पण टी ट्री, लॅव्हेंडर, पुदिना, संत्र्याच्या सालीचं तेल ही सुगंधी तेलं ‘वनस्पतीजन्य’ असूनही नाजूक त्वचेच्या मास्कमध्ये मला नको असतात. ती जुनी होऊन हवेशी संयोग पावली की त्यांची ॲलर्जी देण्याची ताकद वाढते, आणि पाकीट गोदामात किती दिवस कुठल्या गरमीत पडलं होतं हे आपल्याला माहीत नसतं.

पाकिटाची पुढची बाजू वाचणं

पुढे पान, मागे माहिती. मागचीच वाचा. घटक सहसा जास्तीपासून कमीकडे लिहिलेले असतात आणि एक टक्क्याच्या खालचे कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. माझी युक्ती सांगते. यादीत फेनॉक्सिएथॅनॉल शोधा. हे परिरक्षक, म्हणजे माल टिकवणारं रसायन, एक टक्क्यापर्यंतच वापरतात, म्हणून यादीत त्याच्यानंतर जे लिहिलंय ते एक टक्क्यापेक्षा जास्त नसणार. पाकिटावर मोठ्या अक्षरांत मिरवणारी वनस्पती त्याच्यानंतर, शेपटाला सापडली, तर तुम्ही पानाचे पैसे देताय. अल्कोहोल डिनॅट (त्वचा कोरडी करणारं अल्कोहोल) पहिल्या पाच-सहांत असेल किंवा ‘फ्रॅग्रन्स’, ‘परफ्यूम’ असा शब्द दिसला, तर मी पाकीट परत ठेवते. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक दिसलं तरीही. चेहऱ्यावर राहू द्यायच्या प्रसाधनांत युरोपने ते २०१७ पासून बंद केलंय.

कोरियन पाकिटावरची तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी असते. काहींवर ती बनवल्याची असते, संपण्याची नव्हे. फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून बघा. आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नसलेलं पाकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

सुकेपर्यंत ठेवणं

“पैसे दिलेत, पूर्ण शोषू दे की!” हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. पंखा फुल, एसी चालू, मोबाइल हातात, आणि तास उलटून गेलेला. मास्क सुकायला लागला की पाणी उडतं आणि द्रवातली बाकीची द्रव्यं चेहऱ्यावर घट्ट होत जातात. मास्क काढताना त्वचा ओढल्यासारखी होते ती त्यामुळेच. रात्रभर लावून झोपणाऱ्यांना तर मी हात जोडते.

नाजूक त्वचेला माझा हिशोब दहा मिनिटांचा. पाकिटावर वीस लिहिलं असलं तरी पहिल्यांदा दहाच. कापड ओलं असतानाच काढायचं. मग चेहऱ्यावरचा ओलावा पूर्ण सुकायच्या आत आपलं नेहमीचं साधं मॉइश्चरायझर. हे शेवटचं पाऊल गाळणारे इतके आहेत की विचारू नका. डिसेंबरात पुण्यात किंवा मे महिन्यात नागपुरात मॉइश्चरायझर न लावता मास्क करणं म्हणजे ओलं सारवलेलं अंगण तसंच कडक उन्हात सोडून देणं. तडे जाणारच.

आग कुठली, पाणी कुठे

ही आणखी एक चूक, आणि तिच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते.

तीन वर्षांपूर्वी एक कॉलेजची मुलगी आली. गाल लालबुंद, बारीक शिरा दिसताहेत, साध्या पाण्यानंही चुरचुरतं. “काकू, रोज रात्री सिका मास्क लावते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.” रोज रात्री! मी विचारलं, मास्कखेरीज काय लावतेस? बरेच आढेवेढे घेऊन तिनं पर्समधून एक चपटी ट्यूब काढली. शेजारच्या काकूंनी सांगितलेली ‘गोरं होण्याची’ क्रीम, दोन वर्षं रोज. मागे बघितलं तर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन.

मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल ही स्टिरॉइडं आहेत. थोडे दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्यानं लावायची औषधं. महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावली की त्वचा पातळ होते, शिरा दिसतात, मुरमं येतात, आणि बंद केली की चेहरा पेटतो. म्हणून माणूस पुन्हा लावतो. डॉक्टर याला टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस म्हणतात. २०१८ साली सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती किती सहज मिळतात हे तुम्हालाही माहीत आहे.

त्या मुलीला मी फेशियल केलं नाही, पैसेही घेतले नाहीत, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ट्यूब एकदम बंद करायची की हळूहळू, हेही त्यांनाच ठरवू दे म्हटलं. बरं व्हायला तिला वर्षाच्या आसपास लागलं. त्या काळात एकही मास्क नाही, फक्त साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि डॉक्टरांची औषधं.

म्हणून सतत लाल होणाऱ्या चेहऱ्यावर मास्क लावण्याआधी लाली कशामुळे येतेय ते शोधा. स्टिरॉइड असेल, रोझेशिया (चेहरा सतत लाल ठेवणारा त्वचेचा आजार) असेल, मृत त्वचा काढायला रोज लावलेलं ग्लायकोलिक ॲसिड असेल, व्हिडिओ बघून आणलेलं रेटिनॉल असेल. ते चालू ठेवून वर शांत करणारा मास्क लावायचा, म्हणजे गॅस न घालवता उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर मारत बसायचं.

थोडक्यात सांगण्यासारखं

थ्रेडिंग, ब्लीच, वॅक्सिंग किंवा चेहऱ्याला ॲसिड लावायच्या दिवशी मास्क नको. मी दोन दिवस मध्ये जाऊ देते. पार्लरमध्येच ‘वरून एक मास्क लावून द्या’ म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते, राग आला तरी चालेल.

चुरचुरणं म्हणजे ‘काम करतंय’ नव्हे. एक मिनिट थांबा, कमी झालं नाही तर काढा.

आठवड्यातून एकदा पुरे. रोज एक मास्कची टूम सोसणारी त्वचा वेगळी.

फ्रीजमध्ये ठेवा हवा तर, फ्रीझरमध्ये नको. ज्यांचा चेहरा गरम-गारानं लाल होतो त्यांनी लावण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवावा.

फोडलेलं पाकीट ‘उद्यासाठी’ क्लिप लावून ठेवू नका. उरलेला द्रव तेव्हाच हातापायांना चोळा.

गोळीसारखे दाबलेले कोरडे मास्क गुलाबजलात भिजवणार असाल, तर गुलाबजलाच्या बाटलीवरचे घटकही वाचा. बऱ्याच बाटल्यांत नुसता सुगंध असतो. आणि कुंडीतली कोरफड कापून थेट चेहऱ्याला लावणाऱ्यांनो, सालीखालून गळणारा पिवळा चीक आधी पूर्ण गळू द्या, मग गर धुऊन घ्या. तो चीक खाजवतो.

आधी हातावर

लग्न उद्यावर आणि मास्क आज पहिल्यांदा, हे बघितलं की माझा जीव वरखाली होतो. निदान दोन आठवडे आधी सुरू करा. मी नवीन मास्कचं पहिलं पाकीट चाचणीसाठीच समजते. कापडाचा दोन बोटांएवढा तुकडा कापून कोपराच्या आतल्या बाजूला वीस मिनिटं ठेवते आणि तीन दिवस त्या जागेवर लक्ष ठेवते. काही झालं नाही तर दुसऱ्या पाकिटातला तुकडा कानाखाली, जबड्याच्या कडेला, पुन्हा तीन दिवस. मग चेहरा. “एवढं कोण करत बसणार?” असं विचारतात. नाजूक त्वचा असलेल्यानं करायचं. दोन पाकिटं गेली तर दोनशे रुपये जातील. मावशीचा साखरपुडा मला कितीही रुपयांत परत आणता येत नाही.

आणि तरीही आग झालीच तर मास्क काढा, साध्या गार पाण्यानं हलक्या हातानं धुवा, टिपून घ्या आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. हळद, बेसन, दही, चंदन, बर्फ, दुसरा मास्क यातलं काहीही नको. ओठ-डोळे सुजले, श्वासाला त्रास झाला, तर माझ्याकडे फोन न करता थेट दवाखाना गाठा. आणि ते पाकीट कचऱ्यात टाकलं असेल तर काढून सोबत न्या. मावशीच्या डॉक्टरांनी आल्या आल्या पहिल्यांदा तेच मागितलं होतं, आणि मी ते आदल्याच दिवशी घंटागाडीत दिलं होतं.