बातमीची लिंक उघडत नाही? आधी पानावरचा आकडा वाचा

लिंक आली, दाबली आणि बातमीऐवजी समोर कोरं पान किंवा ‘प्रवेश नाकारला’ अशी पाटी. मोठी बातमी असेल तर फारसं अडत नाही, ती दहा ठिकाणी सापडते. स्थानिक बातमीचं तसं नसतं. पाणी कधी येणार, कुठला रस्ता बंद आहे, अर्जाची मुदत वाढली का, हे बऱ्याचदा एकाच संकेतस्थळावर असतं. तेच उघडलं नाही तर माणूस खोळंबतो.

अशा वेळी आपण घाईत सगळेच उपाय एकदम करतो. फोन बंद-चालू करतो, ब्राउझरचा सगळा डेटा पुसतो, अ‍ॅप काढून पुन्हा टाकतो. त्यात दहा ठिकाणचं लॉगिन जातं आणि नेमका बिघाड कुठे होता तेही कळत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिली पायरी: आकडा वाचा

पानावर बहुतेकदा तीन अंकी आकडा असतो. तो ४०० च्या घरातला असेल तर अडचण आपल्या मागणीत आहे, म्हणजे पत्त्यात किंवा परवानगीत. ५०० च्या घरातला असेल तर बिघाड संकेतस्थळाच्या सर्व्हरवर, म्हणजे पान पाठवणाऱ्या संगणकावर आहे.

४०४ म्हणजे या पत्त्यावर पान नाही. ४१० म्हणजे पान होतं, पण कायमचं काढलं. ४०३ म्हणजे सर्व्हरने तुम्हाला पान द्यायला नकार दिला. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार वेळा मागणी झाली, जरा थांबा. ५०२, ५०३, ५०४ दिसले तर आपल्या फोनला हात लावू नका. गावातली मोठी घटना असते तेव्हा सगळेच एकदम त्या पानावर जातात आणि छोट्या संकेतस्थळाचा सर्व्हर दमतो. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघा.

आकडा नसून ‘कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा असेल तर फोनची तारीख आणि वेळ तपासा. घड्याळ चुकलेलं असलं की संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपल्यासारखी दिसते. घड्याळ बरोबर असूनही इशारा येत असेल तर तो डावलून पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी: पत्ता नीट आहे का?

४०४ आला की सगळ्यात आधी लिंककडे बघा. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण बातमीचा मथळा अनेकदा देवनागरीतच पत्त्यात जातो. ‘बातमी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरी वाटतो. संगणक मात्र तो पाच खुणांनी लिहितो: ब, काना, त, म आणि दुसरी वेलांटी. लिंक कॉपी केली की यातली एकेक खूण टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ चिन्हांची होते. म्हणजे एकटा ‘बातमी’ हा शब्द ४५ जागा खातो, आणि आठ शब्दांचा मथळा चार-पाच ओळी भरतो.

अशी लांबलचक लिंक मध्येच तुटते. माझ्या मावशीने एकदा पाणीकपातीच्या बातमीची लिंक पाठवली होती. दाबली की ४०४. नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की पहिल्या दोनच ओळी निळ्या होत्या आणि पुढचा भाग साध्या काळ्या मजकुरात पडला होता. मधे एक ओळ तुटली होती, एवढंच. सगळा मजकूर कॉपी करून ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवला, मधली मोकळी जागा काढली आणि बातमी उघडली.

लिंकच्या शेवटी पूर्णविराम, कंस किंवा अवतरणचिन्ह चिकटलं असेल तर तेही काढा. पत्त्यात प्रश्नचिन्ह असेल तर त्यापुढचा भाग बहुधा वाचक कुठून आला हे मोजण्यासाठी असतो, तो काढून बघायला हरकत नाही. मात्र काही जुन्या संकेतस्थळांत बातमीचा क्रमांकच प्रश्नचिन्हापुढे असतो, म्हणून मूळ लिंक जपून ठेवा.

तरीही ४०४ च असेल तर मथळ्यातले चार-पाच नेमके शब्द अवतरणचिन्हांत घालून संकेतस्थळाच्या नावासह शोधा. संकेतस्थळ नव्याने बांधलं की जुने पत्ते मरतात, बातमी मात्र नव्या पत्त्यावर जिवंत असू शकते.

तिसरी पायरी: खिडकी बदला, मग नेट बदला

तीच लिंक खाजगी खिडकीत (इन्कॉग्निटो), म्हणजे आधीचा साठवलेला डेटा न वापरणाऱ्या खिडकीत उघडा. संगणकावर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी. तिथे बातमी दिसली तर दोष बहुधा कुकीजचा (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदी) किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा (ब्राउझरला जोडलेलं छोटं अ‍ॅप) आहे. सगळा डेटा पुसायची गरज नाही. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबून फक्त त्या संकेतस्थळाच्या कुकीज काढा आणि जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन तिथल्यापुरतं बंद करा.

फेसबुकमधून लिंक उघडली असेल तर ती बहुधा अ‍ॅपच्या आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते. तीन टिंबांवर दाबून ‘ब्राउझरमध्ये उघडा’ निवडा.

खिडकी बदलूनही जमलं नाही तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा, किंवा उलट. व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे वळवणारं अ‍ॅप) चालू असेल तर बंद करा. ४०३ अनेकदा इथेच सुटतो. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपलं कनेक्शन ओळखणारा क्रमांक, अनेक ग्राहकांना मिळून देतात. त्यातल्या कुणी एकाने संकेतस्थळावर यंत्राने मागण्यांचा मारा केला की तो आयपी पत्ताच अडवला जाऊ शकतो आणि बाकीचे निर्दोष वाचकही बाहेर राहतात. नेट बदललं की आयपी पत्ता बदलतो. अँड्रॉइडवर ‘प्रायव्हेट डीएनएस’ (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा ठिकाणा शोधणाऱ्या सेवेची सेटिंग) मध्ये जाहिराती रोखणारा पत्ता घातला असेल तर तोही काढून बघा. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या नेटवरच अडत असेल तर तिथल्या फिल्टरने अडवलं असेल. ते नेट सांभाळणाऱ्याला सांगा.

कुलूप असेल तर

‘वर्गणी भरा’ ही पाटी म्हणजे बिघाड नव्हे. वर्गणी भरूनही कुलूप दिसत असेल तर दुसऱ्या ईमेलने लॉगिन झालंय का ते पाहा. हे फार वेळा होतं. वर्गणी नसेल तर कुलूप चुकवायच्या युक्त्या मी सांगणार नाही. गावच्या बैठकीला जाऊन बसणाऱ्या बातमीदाराचा पगार त्यातूनच निघतो. सार्वजनिक वाचनालयात अंक मिळतो का, ते विचारा.

४५१ या आकड्याचा अर्थ, कायदेशीर कारणाने पान दाखवता येत नाही. २५ मे २०१८ ला युरोपात माहिती-संरक्षणाचा नवा कायदा लागू झाला, तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी स्थानिक वृत्तपत्रांनी युरोपातल्या वाचकांना दार बंद केलं आणि हाच आकडा दाखवला. इथे कुकीज पुसून काहीही होत नाही. ईमेलने येणारं बातमीपत्र आहे का, ते बघा.

बातमी खरंच गेली असेल तर

४१० असेल किंवा शोधूनही काही हाती लागलं नाही, तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जा. ही ना-नफा संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती जपते आहे. मूळ पत्ता तिथे चिकटवा, कॅलेंडरमधली एखादी तारीख निवडा. गूगलच्या निकालांत पूर्वी साठवलेली प्रत मिळायची, ती सोय २०२४ मध्ये बंद झाली. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने त्याच वर्षी सांगितलं, की २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी मिळत नाहीत. तेव्हा ४०४ दिसला की लगेच कुणीतरी बातमी दाबली असा निष्कर्ष काढू नका.

जुन्या प्रतीत एक धोका आहे. चूक निघाल्यामुळे बातमी काढली असेल तर चुकीचा मजकूर तिथे तसाच असतो. खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका.

कार्यालयाला कळवा

स्थानिक बातम्यांचं कार्यालय लहान असतं. कुणी सांगितलं नाही तर त्यांनाही कळत नाही. ‘तुमची साइट चालत नाही’ एवढंच लिहिलं तर त्यांच्या हाती काही लागत नाही. असं लिहा:

‘नमस्कार. सोबतची बातमी आज सकाळी ९:२० पासून उघडत नाही. ४०३ दिसतो. मोबाइल डेटावर येत नाही, घरच्या वायफायवर येते. खाजगी खिडकीतही तेच. पानाच्या तळाशी असलेल्या क्रमांकासह स्क्रीनशॉट जोडला आहे.’

अडवणाऱ्या पानाच्या तळाशी अंक-अक्षरांचा एक क्रमांक अनेकदा असतो, क्लाउडफ्लेअर ही सुरक्षा सेवा वापरणाऱ्या संकेतस्थळांवर ‘रे आयडी’ म्हणतात त्याला. त्यावरून तांत्रिक माणसाला कुठल्या नियमाने तुम्हाला अडवलं ते शोधता येतं, म्हणून स्क्रीनशॉट घेताना पान खालपर्यंत सरकवा.

आणि बातमी उघडलीच, ती पुढे अर्जाला किंवा तक्रारीला लागणार असेल, तर तिथल्या तिथे ‘प्रिंट’ मध्ये जाऊन पीडीएफ करून ठेवा. फाइलच्या नावात तारीख घाला आणि मूळ लिंकही सोबत लिहून ठेवा.