कोडसाठी एडिटर निवडताना या चुका टाळा

नव्या मुलांना पायथॉन शिकवताना पहिल्या आठवड्यात माझा बराच वेळ जातो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका शोधण्यात. प्रोग्रॅम अक्षरन् अक्षर बरोबर दिसतो, तरी चालत नाही. म्हणून एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, निवडताना रंगसंगती मी शेवटी बघते. फाइलमध्ये लपलेलं काय आहे ते हा दाखवतो का, हे आधी.

वर्डमध्ये कोड लिहूच नका. सरळ अवतरणचिन्ह तिथे आपोआप वळणदार होतं आणि पायथॉन ते स्वीकारत नाही. नोटपॅडमध्ये नाव डॉट पीवाय दिलं तरी मागे डॉट टीएक्सटी चिकटू शकतं. नावामागचं हे शेपूट (फाइल एक्स्टेंशन) विंडोज लपवत असल्यामुळे ते ध्यानातही येत नाही.

सगळ्यात जास्त छळते ती ओळीच्या शेवटाची चूक. ओळ संपताना विंडोजवर दोन अदृश्य चिन्हं पडतात, लिनक्सवर एकच. त्यामुळे विंडोजवर लिहिलेली बॅश स्क्रिप्ट (लिनक्सला द्यायच्या आज्ञांची फाइल) लिनक्स सर्व्हरवर चालवली की ‘बॅड इंटरप्रिटर’ असा संदेश येऊ शकतो, आणि माणूस बिचारा पहिलीच ओळ दहादा तपासत बसतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये खाली उजवीकडे ‘सीआरएलएफ’ (विंडोजची दोन चिन्हं) दिसेल. त्यावर क्लिक करून ‘एलएफ’ (लिनक्सचं एकच चिन्ह) निवडा, सेव्ह करा आणि फाइल पुन्हा चढवा. नोटपॅड प्लस प्लस या दुसऱ्या एडिटरमध्ये हीच सोय ‘एडिट’ मेनूत ‘ईओएल कन्व्हर्जन’ या नावाने आहे. विंडोजच्या साध्या नोटपॅडला तर २०१८ पर्यंत लिनक्सच्या ओळी वेगळ्या दाखवताच येत नव्हत्या.

ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत टॅब आणि स्पेसची सरमिसळ झाली तर पायथॉन ३ ‘टॅबएरर’ देऊ शकतो. व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमध्ये (आज्ञा शोधायच्या चौकटीत) ‘कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस’ चालवा, काम झालं.

दिसेल ते एक्स्टेंशन, म्हणजे एडिटरला जोडायची जादा सोय, टाकत सुटू नका. व्हीएस कोड अडखळायला लागला तर कमांड पॅलेटमधलं ‘स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट’ वापरा. निम्मी-निम्मी एक्स्टेंशन बंद करत तो दोषी कोण ते शोधून देतो. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

आणि सीनियर वापरतात म्हणून प्रोजेक्टच्या ऐन घाईत विम या कीबोर्डवर चालवायच्या एडिटरकडे वळू नका. सवडीने ‘विमट्यूटर’ हा विमचा धडा करा, पहिल्या फेरीला अर्धा तास पुरतो. सर्व्हरवर कधी विम उघडलाच, तर एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. काहीही न बदलता सुखरूप बाहेर याल.