पीएच.डी.चं घड्याळ कधी सुरू होतं?

प्रवेश मिळाला म्हणून पेढे वाटा, पण आधी प्रवेशपत्रावरची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांप्रमाणे कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं मिळतात, आणि ती प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम, त्यातच. विषय मंजूर होईपर्यंतचा काळही त्यातच! माझा विषय कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गूळ व्यापाराचा. मंजुरीचं पत्र टेबलावरून टेबलावर फिरत राहिलं, चौकशीला गेलं की 'मीटिंग लागू दे' एवढंच उत्तर. घड्याळ मात्र चालूच.

म्हणून पत्राची वाट बघत घरी बसू नका. इतिहासवाल्यांनी तर नाहीच. जुन्या कागदांवरच्या मोडी लिपीत एका शब्दाला दुसरा चिकटलेला असतो, कुठं तोडायचा तेच कळत नाही. 'रवे' (गुळाच्या ढेपी) की 'रुपये' यावर माझी अख्खी दुपार जायची. कागद वाचायचा सराव, शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयातलं वाचन, टिपणं, यातल्या कशालाच विषय मंजूर करणाऱ्या समितीची सही लागत नाही.

एवढं वाचून घाबरू नका. पुनर्नोंदणी करून २ वर्षं वाढवून मिळतात, महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २. फक्त ती हक्काची समजून आखणी करू नका.

गाईडबद्दल माझं मत जरा तिखट आहे. प्राध्यापकाकडे एका वेळी ८ विद्यार्थी असू शकतात, सहायक प्राध्यापकाकडे ४. मोठ्या नावामागं धावून केबिनबाहेर ताटकळण्यापेक्षा प्रकरण परत देताना समासात लाल पेनानं भांडणारा नवा गाईड केव्हाही परवडला.

आणि 'थिसिस टाइप करून देतो' म्हणणारे हळूच 'लिहूनपण देतो' म्हणतात, तिथून सरळ उठा. दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांवर गेलं की प्रबंध परत येतो, ६० च्या वर नोंदणीच रद्द. त्यातून निसटलात तरी प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढतो, मग कुणीही ताडून बघू शकतं.

व्हायवाचं, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेचं, एवढं काही नसतं. तोवर बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध वाचून अहवाल दिलेला असतो. व्हायवा संशोधक विद्यार्थ्यांना खुला असतो, तेव्हा पहिल्याच वर्षी विभागातल्या कुणाच्या तरी व्हायवाला मागच्या बाकावर जाऊन बसा.