पैठणी नऊवारीवर शेला निवडताना

पैठणीचा पदर मोर-मुनियांनी भरलेला असेल, तर शेला साधाच घ्या: अंगभर बुट्ट्या नकोत, फक्त बारीक काठ. दोन्हीकडे भरजरी काम आलं की फोटोत नुसती जर दिसते. रंग काठाशी जुळवा, अंगाशी नाही. पिवळ्या पैठणीला हिरवा काठ असेल तर हिरवा शेला. जरीची छटा मात्र दिवसाउजेडी, साडी शेजारी ठेवूनच बघा. दुकानाच्या पिवळ्या दिव्यात चंदेरी जरसुद्धा सोनेरी भासते.

लांबी अडीच मीटर पुरते. पदर डाव्या खांद्यावर, म्हणून शेला उजव्या. चार-पाच इंचांच्या चुण्या घालून पिन आतून, ब्लाउजच्या शिवणीत टोचा. उपरण्याशी गाठ बांधायला एक टोक हातभर मोकळं सोडा. इथेच बहुतेकींचं चुकतं: दोन्ही टोकं पिनांनी जखडलेली असतात आणि सप्तपदीत पहिल्याच पावलाला चुण्या ओढल्या जाऊन रेशीम फाटतं.

डोक्यावरून घ्यायचा असेल तर नेटचाच बरा. जड काठाच्या ओझ्याने अंबाडा मागे झुकतो. आधी आतून छोटा कंगवा शिवून घ्या, तो अंबाड्याच्या पुढे खोचा. मुंडावळ्या सगळ्यात शेवटी.