सुईची पिटो नळी आणि गोळ्यांच्या पाकिटाचे पट्टे

मिग-२१ एफएल हे विमान आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील ओझरला बनत असे, त्यामुळे जळगावात बसून त्याची १:७२ प्रमाणातील प्रतिकृती जोडताना ती मुळाबरहुकूम व्हावी, अशी माझी तळमळ होती. परंतु स्वस्त संचातील नाकावरची पिटो नळी, म्हणजे हवेच्या दाबावरून विमानाचा वेग मोजणारी नळी, काडीसारखी जाड होती आणि आसनाला पट्टेच नव्हते.

ती नळी मी मुळाशी कापली, सराफ बाजारातून आणलेल्या सोनारी कानशीने जागा सपाट केली आणि जाड सुईत इन्सुलिनची बारीक सुई सरकवून पुढे निमुळती होत जाणारी नवी नळी बसवली. प्लास्टिक जोडायचे द्रावण प्लास्टिक विरघळवून सांधा जोडते, धातूला ते धरत नाही. म्हणून येथे सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा सुपरग्लूच हवा, तोही टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच.

पट्ट्यांसाठी औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी वर्ख वापरला. खरा पट्टा सुमारे ४५ मिलिमीटर रुंद धरला, तर या प्रमाणात तो जेमतेम ०.६ मिलिमीटर भरतो. एवढी बारीक पट्टी नव्या ब्लेडनेच, काचेवर ठेवून, एका दमात कापावी. ती आसनाच्या कडेवरून वळवली की खऱ्या कापडासारखी पडते, आणि माझ्या मते या विमानाला सर्वाधिक जिवंतपणा तिनेच आणला.